सातबाऱ्याला किती रॅम लागते?

आमच्या धंद्यात एक सुविचार आहे. शाळेत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचे ना, तसा तो प्रत्येक टीममध्ये कुणी ना कुणी रोज म्हणतंच. "हार्डवेअर स्वस्त आहे, डेव्हलपरचा वेळ महाग." कोड हळू चालतोय? मेमरी वाढवा. पान उघडायला आठ सेकंद लागतात? मोठा सर्व्हर घ्या. ग्राहकाकडे उघडतच नाही? फोन जुना असेल हो त्याचा, आपण काय करणार!

हा सुविचार माझ्या डोक्यात जातो. साफ खोटा आहे म्हणून नाही, अर्धवट आहे म्हणून. स्वस्त... पण कोणाला? सर्व्हरचे पैसे कंपनी देते, हे मान्य. पण ब्राउझर, मोबाइल, लॅपटॉप हे सगळं हार्डवेअर ग्राहकाचं. त्याचं बिल आपल्या एक्सेलमध्ये कुठेच दिसत नाही. आपल्या आजीच्या भाषेत याला आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात.

आता यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "अरे, माणसाची गरजच वाढते. 640 केबी सगळ्यांना पुरेल असं बिल गेट्सला पण वाटलं होतं!" (तो असं म्हणाल्याचा पुरावा आजपर्यंत कोणी दिलेला नाही, त्यानं स्वतः नाकारलंय. पण वाद जिंकायला वाक्य बरं पडतं.) तर ही वाढलेली गरज एकदा मोजूनच बघू.

सातबारा घ्या. गावाचं नाव, गट नंबर, खातेदार, क्षेत्र, आकार, पीकपाहणी, फेरफाराचे नंबर. भरगच्च उतारा धरला तरी दोन हजार अक्षरचिन्हं धरू. युनिकोडमध्ये साठवताना देवनागरीच्या एका चिन्हाला 3 बाइट लागतात. म्हणजे झाले 6 केबीच्या आसपास. 1995 सालच्या विंडोज 95 ला कमीत कमी 4 एमबी रॅम लागायची. तेवढ्या जागेत असे सातशेच्या आसपास उतारे मावतील. एखाद्या लहान गावाचं काम भागलं! विंडोज 11 ला कमीत कमी 4 जीबी लागते. म्हणजे 1024 पट. या काळात आपल्या शेतकऱ्याचा सातबारा 1024 पट लांब झालेला नाही. जमीन तर वाटण्या होऊन उलट कमी झालीय.

मग हे यंत्र गरजेच्या इतकं पुढे का पळतं? इथे बहुतेक लोक "कंपन्यांचा डाव" म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. डाव आहेच, पण तो नंतर येतो. आधी आहे ते साधं कारखान्याचं गणित.

गॉर्डन मूरचा 1965 सालचा लेख सगळ्यांनी ऐकलेला असतो, वाचलेला फार थोड्यांनी. तो "चिप वेगवान होत जाईल" एवढंच सांगणारा लेख नाही. त्याचा मुद्दा दर घटकामागच्या खर्चाचा आहे. एका चिपवर फार कमी घटक बसवले तर प्रत्येक घटक महाग पडतो, फार जास्त बसवायला गेलं तर खराब चिपा निघतात आणि पुन्हा महाग. मध्ये कुठेतरी एक आकडा असतो जिथे घटक सगळ्यात स्वस्त पडतो. हा आकडा दर वर्षी दुप्पट होतोय, असं मूरचं निरीक्षण होतं. (1975 मध्ये त्यानंच ते "दर दोन वर्षांनी" असं सुधारलं.) 1975 पर्यंत तो 65,000 वर जाईल असा त्याचा अंदाज होता. यात ग्राहकाला किती घटक हवेत हा प्रश्न कुठेच येत नाही. कारखान्याला कुठे परवडतं, एवढंच आहे.

म्हणजे कमी ताकदीची चिप बनवली तर ती त्या प्रमाणात स्वस्त होत नाही. वेफर तेवढाच, पॅकिंग तेवढंच, टेस्टिंग तेवढंच. आज दुकानात जाऊन 2 जीबीचा पेनड्राइव्ह मागून बघा. दुकानदार तुमच्याकडे असा बघेल की जणू तुम्ही चार आण्याचं नाणं पुढे केलंय. तो मिळत नाही, कारण बनवण्यात राम नाही. हिंगणघाटच्या कुठल्याही जिनिंगवाल्याला विचारा, यंत्र एकदा चालू केलं की दहा क्विंटल कापसासाठी चालवणं परवडतं की भरून चालवणं? आणि इथे तर फॅब उभारायलाच अब्जावधी डॉलर लागतात. ती रिकामी ठेवणं म्हणजे दिवाळं.

याचा सगळ्यात मजेशीर पुरावा म्हणजे इंटेलची 486एसएक्स. 1991 मध्ये आली. आधीच्या 486डीएक्समध्ये दशांशाची गणितं करणारं एक एकक चिपवरच होतं. लोकांना स्वस्त चिप हवी होती, तर इंटेलनं काय केलं? सुरुवातीच्या एसएक्समध्ये ते एकक तसंच ठेवलं आणि बंद करून टाकलं! पुढे कोणाला ते हवं झालं तर 487 नावाची चिप विकत घ्यायची. ती म्हणजे खरं तर अख्खी 486डीएक्सच. ती शेजारच्या खाचेत बसवली की जुनी चिप गप्प बसायची. म्हणजे गिऱ्हाइकानं एकदा बंद केलेली ताकद विकत घेतली, मग चालू असलेली. पाटलाच्या वाड्यात भाड्यानं राहायचं, अर्ध्या खोल्यांना मालकाचं कुलूप... पण झाडायचं मात्र सगळं अंगण.

असो. इथपर्यंत मी कोणाला दोष देत नाहीये. कारखान्याचं गणितच तसं असेल, तर गरजेपेक्षा जास्त ताकद फुकटात पदरात पडते. पडू द्या की! भांडण पुढे आहे. ही वरकड ताकद कोणाची?

माझं म्हणणं, ज्यानं यंत्राचे पैसे दिले त्याची. तिनं त्याचं मशीन दहा वर्षं जास्त चालायला हवं, बॅटरी दोन दिवस जास्त टिकायला हवी, पान बोट लावताक्षणी उघडायला हवं. प्रत्यक्षात ती ताकद आपण, म्हणजे सॉफ्टवेअरवाले, आपल्या बापाची समजून खर्च करतो. एका बटणासाठी अख्खी लायब्ररी ओढतो. चॅटचं ॲप बनवायला त्याच्या पोटात पूर्ण ब्राउझर घालतो. निकलाउस विर्थनं 1995 मध्येच लिहून ठेवलंय की हार्डवेअर जितक्या झपाट्यानं वेगवान होतं त्याहून झपाट्यानं सॉफ्टवेअर हळू होतं. पास्कल भाषा बनवणारा माणूस तो, काही कट्ट्यावरचा टवाळ नव्हे. आपण त्याला "विर्थचा नियम" असं नाव दिलं, हसलो आणि पुढचं पॅकेज इन्स्टॉल केलं.

देवळीला माझ्या मावसभावाचं सेवा केंद्र आहे. दाखले, उतारे, पीकविम्याचे फॉर्म, पोरांचे स्कॉलरशिपचे अर्ज. मशीन 4 जीबीचं, सात-आठ वर्षं जुनं. मागच्या दिवाळीत गेलो तर शटरबाहेर वीसेक माणसं उभी. त्याच्या स्क्रीनवर एका पोर्टलचं गोल गोल चक्र फिरतंय. मी म्हटलं, "अरे, मशीन बदल आता." तो म्हणाला, "दादा, मशीन बेकार नाही झालं. साइटच जड होऊन राह्यली. तोच फॉर्म होता अगोदर, तेवढेच रकाने. आता मंग काऊन चार मिनिटं लागतात?"

मी त्याच्याच मशीनवर ब्राउझरची टूल्स उघडून बघितलं. बारा रकान्यांचा फॉर्म. त्यासाठी पान काही एमबी जावास्क्रिप्ट उतरवत होतं. त्यात एक सरकती चित्रपट्टी होती, जिच्याकडे त्या रांगेतला एकही माणूस बघत नव्हता. हे पान ज्यानं बनवलं त्याच्याकडे बहुधा 32 जीबीचा लॅपटॉप असणार आणि त्यावर ते लोण्यासारखं उघडत असणार. बारा रकान्यांची गरज 4 जीबीला जड जावी, याला "माणसाची गरज वाढली" म्हणायचं? गरज तीच आहे. तिच्या वाटेत आपण धोंडे टाकले आणि आता धोंडे ओलांडायला मोठी गाडी घ्या म्हणून सांगतोय.

मी मूळचा वर्ध्याचा. त्यामुळे शाळेच्या प्रत्येक सहलीत सेवाग्राम आणि मगन संग्रहालय ठरलेलं. (वर्ध्याच्या पोराला "सहल" म्हटलं की चरखा दिसतो. पुण्याच्या पोराला सिंहगड दिसतो, तसं.) आश्रमात एक टेलिफोन ठेवलाय. सरकारला गांधीजींशी तातडीनं बोलता यावं म्हणून तो बसवलेला. लहानपणी त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. आता वाटतं. यंत्र गांधीजींच्या आश्रमात, आणि गरज दिल्लीतल्या व्हाइसरॉयची! घरात आलेलं प्रत्येक यंत्र घरातल्या माणसाच्याच गरजेनं आलेलं असतं असं नाही.

पण मला सांगायचंय ते चरख्याबद्दल. 1929 मध्ये, म्हणजे गांधीजी वर्ध्याला राहायला येण्याच्या आधी, चरखा संघानं एक स्पर्धा जाहीर केली. सुधारित चरखा बनवा, एक लाख रुपये बक्षीस. 1929 सालचे एक लाख! त्या स्पर्धेच्या अटी प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीच्या भिंतीवर लावायला पाहिजेत. यंत्र हलकं हवं, खेड्यातल्या साध्या घरात हातानं किंवा पायानं चालवता यायला हवं. एका बाईला बेताच्या कष्टात सलग आठ तास चालवता यायला हवं. आठ तासांत 12 ते 20 नंबरचं 16,000 वार सूत निघायला हवं. किंमत 150 रुपयांवर नको. वीस वर्षं चालायला हवं. आणि बदलायच्या सुट्या भागांचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या 5 टक्क्यांवर जाता कामा नये.

काय सुंदर स्पेसिफिकेशन आहे बघा. पहिली ओळ घराची, दुसरी चालवणारीची. ताकदीचा आकडा आहे, आणि तो चांगला दणदणीत आहे. "कमीत भागवा" असं कुठेही म्हटलेलं नाही. पण तो एका चौकटीत बसवलेला आहे: कोणाच्या घरात, किती पैशात, किती वर्षं. आपल्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये "वीस वर्षं" सोडा, "पाच वर्षं जुन्या फोनवर चाललं पाहिजे" एवढी ओळ तरी कोणी बघितलीय?

आता माझे मित्र लगेच म्हणतील, मग मिळालं का कोणाला बक्षीस? नाही मिळालं. किर्लोस्करवाडीहून काळे यांचं यंत्र आलं होतं, बराच गाजावाजा झाला होता, पण ते लाख रुपये शेवटपर्यंत तसेच राहिले. मुद्दा तुमचा. गरजेपासून सुरुवात केली की कधी कधी यंत्रच बनत नाही. पण यंत्रापासून सुरुवात केली की काय होतं, तेही बघू. त्यासाठी वर्ध्याहून पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, वारणेला जावं लागेल.

1998 मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या 70 गावांसाठी "वायर्ड व्हिलेज" प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार, सहकारी संस्था सगळे त्यात. गावोगावी कॉम्प्युटरची केंद्रं. त्यावर शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी योजना, इंटरनेट सगळं मिळणार होतं. त्या काळी पेपरात काय फोटो यायचे! प्रत्यक्षात त्या पीसींवर मुख्यतः उसाचं काम चालायचं. किती ऊस गेला, किती खत उचललं, किती पैसे निघतात. मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातल्या लोकांनी (हो, चक्क मायक्रोसॉफ्टच्या!) सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. पीसी बाजूला ठेवले आणि तेच सगळं काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणलं. 2009 मध्ये त्यांचा निबंध छापून आला. निष्कर्ष? पीसीवर होत होतं ते सगळं एसएमएसवर झालं, स्वस्तात झालं, सोयीचं झालं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. शेतकऱ्याला हवी होती 160 अक्षरं, आणि आपण त्याच्या गावात टेबल, खुर्ची, सीपीयू, मॉनिटर आणि यूपीएस नेऊन ठेवला होता.

आता दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर मी खोटारडा. वरकड ताकदीतून काही निघतच नाही असं नाही. हे मी देवनागरीत टाइप करतोय ना, तेच उदाहरण. 1980 च्या दशकात पीसीवर मराठी दिसावं म्हणून आयआयटी कानपूरनं जिस्ट तंत्रज्ञान काढलं आणि पुण्याच्या सीडॅकनं ते पुढे नेलं. तेव्हा त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये वेगळं कार्ड बसवावं लागायचं. जोडाक्षरं जुळवणं, वेलांट्या जागेवर नेणं हे काम साध्या पीसीच्या आवाक्याबाहेरचं होतं. आज तेच काम फोन येताजाता करतो. "गरजेपुरतंच हार्डवेअर" असा हट्ट इंग्रजीवाल्यांनी धरला असता तर आपण अजून रोमनमध्ये "kasa aahes" लिहीत बसलो असतो... माफ करा, "कसा आहेस"सुद्धा रोमनमध्ये. आणि पुण्याच्या आयआयटीएममधला अर्क महासंगणक घ्या. 2024 मध्ये सुरू झाला, 11.77 पेटाफ्लॉप्सचा. त्याच्या बळावर मे 2025 मध्ये 6 किलोमीटरच्या जाळीवर अंदाज देणारी हवामान प्रणाली आली. जाळी जितकी बारीक तितकी गणितं अनेक पटींनी वाढतात. देवळीत पाऊस पडणार की फक्त पुलगावात, हे पेरणीआधी कळणार असेल तर आणखी शंभर पेटाफ्लॉप्स आणा, माझी काही हरकत नाही. तिथे गरज खरी आहे आणि यंत्र अजून तिच्या मागेच धावतंय.

म्हणून मी ताकदीच्या विरोधात नाही. मी विरोधात आहे तो ताकदीच्या सक्तीच्या. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे व्यवस्थित चालणारी असंख्य मशीन्स एका तारखेला "जुनी" ठरली. टीपीएमला सुरक्षेचं कारण आहे, ते मी नाकारत नाही. पण धडधाकट बैलाला कागदावर म्हातारा ठरवण्याचाच हा प्रकार आहे. आणि नवा बैल कोणता? 2024 मध्ये कोपायलट प्लस पीसी नावाचा वर्ग जाहीर झाला: 16 जीबी रॅम आणि 40 टॉप्सचा एनपीयू. टॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. म्हणजे हा सेकंदाला 40 लाख कोटी क्रिया करणार. कशासाठी, ते मशीन आधी विकून झाल्यावर शोधायचं चाललंय.

आणि गंमत बघा. आपण 8 वरून 16 वर, 16 वरून 32 वर नेत होतो ना, "रॅम काय, स्वस्त आहे" म्हणत? 2025 च्या अखेरीला मेमरीचे भाव भडकले, कारण कारखान्यांचा माल एआयच्या डेटासेंटरकडे वळला. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉननं तर क्रुशल हा किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायची घोषणा केली. कारखान्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं, त्यानं छोट्याकडे पाठ फिरवली. मूरच्या गणिताप्रमाणेच वागला तो. पण आपण ज्यांना 16 जीबीची सवय लावली ते सेवाग्रामचे, बडनेऱ्याचे इंजिनिअरिंगचे पोरं आता पहिला लॅपटॉप घेताना काय करणार? त्यांना कोणता सुविचार सांगणार आपण?

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला होता, नवीन मशीन कोणतं घेऊ म्हणून. मी घेऊ नको म्हटलं. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, ब्राउझरमधली फालतू एक्स्टेन्शन्स उडवली, जाहिराती अडवल्या. पूर्वी सुरू व्हायला चहा होऊन जायचा, आता कप उचलेपर्यंत होतं. ते पोर्टल मात्र अजून तसंच आहे. ते एसएसडीनं सुधारत नाही, ते तुमच्या-माझ्यासारख्यानंच सुधारावं लागेल.

तर माझी एक मागणी आहे, आणि ती मी आमच्या हापिसात लेखी दिलीय. जुन्या बाजारातून 4 जीबीचं एक मशीन घ्यायचं. दिवाळीच्या पणत्यांना जेवढा खर्च होतो त्यात येतं. ते मीटिंगरूममध्ये ठेवायचं आणि कुठलाही डेमो फक्त त्यावरच द्यायचा, तोही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्याकडे आधी जमलं तर जरूर करा. पहिल्या डेमोच्या वेळी मॅनेजरच्या चेहऱ्याकडे बघायला विसरू नका!